सरांचा डावा हात : पियानोवरील साथ कागदावर उतरवताना

आपल्या शाळेतून शिकून गेलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला झोपेतून उठवून सकाळच्या प्रार्थनागीताची चाल विचारली, तर तो ती अचूक म्हणून दाखवील. त्या चालीची आम्हांला चिंता नव्हती. जी गोष्ट शेकडो कंठांत आहे ती सहजी नाहीशी होत नाही. चिंता होती ती त्या चालीखाली वाजणाऱ्या साथीची, कारण ती एकाच माणसाच्या हातात होती, आणि त्यातही विशेषतः त्याच्या डाव्या हातात.

आपले संगीताचे सर कोण, हे वाचकांना सांगावयास नको. त्यांच्याच आग्रहावरून या लेखात त्यांचे नाव घातलेले नाही. सर मूळचे पेटीवादक. वस्तीतल्या भजनी मंडळात आणि पुढे भीमगीतांच्या कार्यक्रमांत पेटी वाजवता वाजवता ते शिकले. पेटीवाल्याचा उजवा हात स्वरांवर असतो आणि डावा हात भात्यावर. म्हणजे हवा भरण्याच्या कामात डावा हात जन्मभर गुंतलेला. माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने शाळेला अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा डिजिटल पियानो भेट दिला, तेव्हा सरांचे वय पन्नाशीच्या घरात होते. पियानोला भाता नाही. त्यामुळे सरांचा डावा हात आयुष्यात प्रथमच मोकळा झाला आणि त्याला काम शोधावे लागले. ते काम त्यांना कोणी शिकवले नाही. प्रारंभी तो हात नुसता षड्ज-पंचम धरून बसे; तानपुऱ्यासारखा. मग त्यात केरव्याचा ठेका आला, मग अंतऱ्याकडे जाताना खालून वर चढत येणारी एक स्वरांची पायरी आली. शाळेच्या स्वागतगीतात तर डावा हात उजव्याला प्रश्न विचारतो की काय असे वाटे. आपल्या गीतांना पेटीच्या परंपरेत डाव्या हाताची साथ नव्हतीच. ती सरांनी आठ वर्षांत, मुलांच्या समोर, हळूहळू घडवली.

निवृत्तीपूर्वीच्या दोन आठवड्यांत आम्ही त्यांना पियानोवर अकरा गीते वाजवून ठेवण्याची विनंती केली. त्यांनी ती मानली. पुढे दोन वर्षांनी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू सावरली, वाचाही परत आली. डावा हात मात्र आला नाही. त्यानंतर आम्ही तिघा शिक्षकांनी ठरवले, की त्या अकरा मुद्रणांवरून दोन्ही हातांची स्वरलेखने तयार करावयाची, जेणेकरून पुढची मुले ती वाचून वाजवू शकतील. हे काम कसे केले, त्यात यंत्राने काय केले आणि यंत्राला काय करता आले नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. अशी साथ ज्यांच्या हातात आहे अशी माणसे आपल्या वस्त्यांतून आजही आहेत. त्यांच्या घरच्यांना याचा उपयोग व्हावा, हाही हेतू आहे.

प्रथम एक भेद समजून घेतला पाहिजे, कारण तो न समजल्यामुळे आमच्याकडून मोठी चूक झाली. डिजिटल पियानोवर मुद्रण दोन प्रकारे होते. पहिला प्रकार म्हणजे ध्वनिमुद्रण. मोबाइलवर होते तसेच. त्यात आवाज साठवला जातो. दुसरा प्रकार म्हणजे वादनाची नोंद, जिला मिडी म्हणतात. त्यात आवाज मुळीच नसतो. कोणती पट्टी कोणत्या क्षणी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली आणि पायाची पट्टी केव्हा खाली गेली, एवढीच त्यात नोंद असते. आमच्यासारख्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे चटकन उमगते : पहिला प्रकार म्हणजे प्रसंगाचे छायाचित्र, दुसरा म्हणजे त्या दिवसाचा रोजनामा. छायाचित्रात सारे एकत्र दिसते, पण त्यातून वेगवेगळे काढणे कठीण. रोजनामा रुक्ष, पण नोंदीमागून नोंद अशी स्वच्छ.

या रोजनाम्याची भाषा १९८३ साली ठरली. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील इकुतारो काकेहाशी या दोन वाद्यनिर्मात्यांनी पुढाकार घेतला, आणि एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी एकच पद्धत मान्य केली. ती वापरण्यासाठी कोणाकडूनही स्वामित्वशुल्क घ्यावयाचे नाही, असे धोरण राहिले. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीच्या वाद्यावरची नोंद आजचा संगणक वाचू शकतो. ज्ञान कुलूपबंद न ठेवल्याने काय होते, याचे हे लहानसे उदाहरण आम्ही वर्गातही देतो. या पद्धतीत प्रत्येक पट्टीला ० ते १२७ यांपैकी एक क्रमांक असतो. पियानोच्या मधोमध असलेल्या ‘सी’ला, म्हणजे आपल्या भाषेत मधल्या सप्तकातल्या पांढरी एकला, ६० हा क्रमांक आहे. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांच्या पियानोवर सर्वांत खालची पट्टी २१ आणि सर्वांत वरची १०८. जोरही याच मोजपट्टीवर नोंदला जातो.

आमची चूक अशी झाली, की निरोप समारंभाच्या गडबडीत पेनड्राइव्हवर केवळ ध्वनिमुद्रणे उतरवून घेतली. वादनाची नोंद वाद्याच्या पोटातच राहिली. दोन वर्षांनी ती शोधावयास गेलो, तेव्हा अकरांपैकी नऊ सापडल्या. उरलेल्या दोन जागांवर वसतिगृहातील मुलांनी आपापली वाजवणी मुद्रित करून ठेवली होती. मुलांचा दोष नाही. ती जागा राखीव आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. गमावलेल्या त्या दोहोंपैकी एक म्हणजे ६ डिसेंबरच्या अभिवादन सभेत सर वाजवीत ती संथ धून.

उरलेल्या नऊ नोंदी आम्ही म्यूझस्कोर नावाच्या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या. हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि शाळेच्या जुन्या संगणकावरही चालले. मिडीची फाइल त्यात उघडली, की ते आपण होऊन पाच रेषांवर स्वर मांडून देते. आम्ही स्टाफ नोटेशन निवडले याचे कारणही सांगतो, कारण काही सहकाऱ्यांनी भातखंडे पद्धतीचा आग्रह धरला होता. सा-रे-ग-म मध्ये एका ओळीत एक स्वरमालिका उत्तम लिहिता येते. मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब. परंतु दोन हात एकाच वेळी वेगवेगळे काम करीत असतील आणि डाव्या हाताखाली तीन-तीन पट्ट्या एकदम दाबल्या जात असतील, तर ते लिहिणे व वाचणे जड जाते. स्टाफ नोटेशनमध्ये पियानोसाठी दोन पट्ट्या एका महिरपी कंसाने जोडलेल्या असतात. वरची सामान्यतः उजव्या हाताची, खालची डाव्याची. एकाच क्षणी वाजणारे स्वर एकाखाली एक येतात. नजर टाकताच दोन्ही हात दिसतात. उजव्या हाताची भातखंडे प्रत आम्ही स्वतंत्रपणे केलीच, म्हणजे पेटी वाजवणाऱ्यांचीही सोय झाली.

पहिले पान छापून हाती आले तेव्हा आम्ही हताश झालो. ते सरांचे स्वागतगीत आहे हे कोणी सांगितल्याखेरीज कळले नसते. काळ्या टिंबांचा पाऊस, मध्ये मध्ये अर्धवट विराम, शार्प आणि फ्लॅट यांची खिचडी. यंत्राने खोटे काहीच लिहिले नव्हते. घडले ते सर्व त्याने लिहिले होते. पण वादकाला काय अभिप्रेत होते ते त्याला ठाऊक नव्हते.

पहिला प्रश्न काळाचा. सर मिनिटाला सुमारे ८० मात्रांच्या लयीत वाजवीत. म्हणजे एक मात्रा पाऊण सेकंदाची आणि पाव मात्रा साधारण १९ शतांश सेकंदाची. माणूस घड्याळ नसतो. तो दोन-चार शतांश सेकंद मागेपुढे होणारच. सॉफ्टवेअरला बारीकात बारीक काळ मोजू दिला, तर ते प्रत्येक मागेपुढे होणे लिहून काढते आणि पान वाचता येत नाही. म्हणून त्याला सांगावे लागते, की पाव मात्रेपेक्षा बारीक काही मोजू नको. प्रत्येक स्वर जवळच्या पाव मात्रेवर नेऊन बसव. यालाच क्वांटायझेशन म्हणतात. असे केल्यावर पान एकदम स्वच्छ झाले. पण त्याबरोबर सरांचे कणस्वरही गेले. मुख्य स्वराला स्पर्श करण्यापूर्वी ते शेजारच्या पट्टीला पाच शतांश सेकंद निसटता स्पर्श करीत. यंत्राने त्या कणाला मुख्य स्वरावर ढकलले आणि दोन शेजारी स्वर एकदम वाजवल्यासारखे लिहिले. वाजवून पाहिल्यावर ते कानाला खुपले, तेव्हा लक्षात आले. असे एकेक ठिकाण शोधून आम्ही तेथे लहान आकाराचा कणस्वर हाताने लिहिला. नऊ गीतांत मिळून अशा जागा शंभराच्या वर निघाल्या.

दुसरे असे, की सरांनी टकटक करणाऱ्या मेट्रोनोमबरोबर कधी वाजवले नाही. सॉफ्टवेअर मात्र स्वतःच्या मनाने लय धरते आणि चार-चार मात्रांच्या उभ्या रेषा पाडत जाते. सरांची लय अंतऱ्यात किंचित वाढली, की रेषा चुकू लागतात आणि शेवटी सम भलत्याच ठिकाणी जाऊन पडते. शिवाय दादऱ्यातली दोन गीते त्याने चार मात्रांत कापून काढली होती. सहा मात्रांचा दादरा चारांच्या खणांत कोंबला, की ठेक्याचा जीव जातो. आम्ही ती दोन्ही गीते सहा-आठच्या मापात नव्याने मांडली. बाकीच्यांसाठी पुण्यात नोकरी करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थिनीने वेगळा मार्ग काढला. नोकरी लागल्यावर तिने स्वतःच्या पैशांनी पियानोचे रीतसर शिक्षण घेतले आहे. तिने ध्वनिमुद्रण ऐकत प्रत्येक समेवर खूण केली आणि त्या खुणांप्रमाणे संगणकातील मात्रा ताणून वा आवळून घेतल्या. कष्टाचे काम; एका गीताला एक रविवार. नव्याने मुद्रण करणाऱ्यांना आमचे सांगणे आहे, की वादकाला मानवत असेल तर मेट्रोनोम लावावा. न मानवल्यास निदान तबलजीला शेजारी बसवावे.

तिसरा प्रश्न हातांचा, आणि आमच्या दृष्टीने तोच मुख्य. मिडीच्या नोंदीत पट्टी क्रमांक ५५ दाबली गेली एवढेच असते. कोणत्या हाताने, हे नसते. सॉफ्टवेअर दोनपैकी एक युक्ती करते. एक तर मधल्या ‘सी’वर सीमा आखते; वरचे सारे उजव्याचे, खालचे सारे डाव्याचे. किंवा पंजाची लांबी गृहीत धरून, एका हाताखाली साधारण एक सप्तक मावते असे समजून, स्वरांची वाटणी करते. दोन्ही युक्त्या आमच्या कामात फसल्या. सरांचा डावा हात अंतऱ्याकडे जाताना सीमा ओलांडून वर येई. तीच तर त्यांची खास पायरी! यंत्राने ती मधोमध तोडली : पहिले चार स्वर खालच्या पट्टीत, पुढचे तीन वरच्या पट्टीत. तसे वाचून वाजवणाऱ्या मुलाचा उजवा हात मूळ चाल सोडून खाली धावला असता.

मग कोणता स्वर कोणत्या हाताचा हे ठरवावयाचे कसे? इतिहासाच्या अभ्यासात एकाच साधनावर विसंबत नाहीत. येथेही तेच करावे लागले. पहिले साधन जोराच्या आकड्यांचे. पेटीवादकाचा डावा हात नवशिका असल्यामुळे की काय, सर त्या हाताने हलके वाजवीत. उजव्या हाताचे आकडे बहुधा ७५ च्या पुढचे आणि डाव्याचे ६० च्या आतले आढळले. संशयित स्वराचा आकडा पाहिला, की अंदाज येई. दुसरे साधन स्नेहसंमेलनाच्या एका चित्रफितीचे. ती कोणा पालकाने मोबाइलवर घेतली होती आणि बहुतेक वेळ तीत स्वतःच्या मुलीवरच नजर होती. तरी दोन वेळा सरांचे हात दिसतात. तिसरे साधन स्वतः सर.

त्यांच्याकडे कागद घेऊन गेलो तेव्हा मनात धाकधूक होती. आता जे वाजवता येत नाही तेच त्यांच्यापुढे ठेवावयाचे, हे बरे दिसेल का? सरांनी कागद बाजूला ठेवला आणि “वाजवून दाखवा,” एवढेच म्हणाले. लॅपटॉपवर वाजवले. डोळे मिटून ऐकताना त्यांचा उजवा हात मांडीवर, डाव्या हाताची जागा धरून, हलत होता. मध्येच म्हणाले, “नाही, तिथे अंगठा खालून जातो. तो स्वर डाव्याचाच.” असे करत एका बैठकीत दोन गीते, याप्रमाणे काम झाले. ज्या स्वराबद्दल त्यांनाही सांगता आले नाही, तेथे आम्ही पानावर प्रश्नचिन्ह ठेवले आहे. ते पुसू नये.

नव्याने मुद्रण करावयाचे असेल, तर ही सारी यातायात टाळता येते. अनेक डिजिटल पियानोंवर उजवा आणि डावा हात स्वतंत्र मार्गांवर मुद्रित करण्याची सोय असते. आधी एक हात वाजवावा, मग तो ऐकत दुसरा. तसे केल्यास सॉफ्टवेअर दोन मार्गांच्या दोन वेगळ्या पट्ट्या करते आणि वाटणीचा प्रश्नच उरत नाही. आम्हांला हे वेळेवर माहीत नव्हते.

शार्प-फ्लॅटचा घोळ तुलनेने लवकर सुटला. सर मुलांच्या आवाजासाठी काळी एकमध्ये वाजवीत. क्रमांक ६१ची ती पट्टी शार्पही असते आणि फ्लॅटही; कोणते नाव द्यावयाचे हे नोंदीवरून कळत नाही. काळी एकचे सप्तक लिहावयाचे तर सात शार्प नाही तर पाच फ्लॅट लागतात. नवशिक्या मुलाला ते पाहूनच घाम फुटेल. आम्ही सर्व गीते अर्ध्या स्वराने खाली, पांढरी एकमध्ये आणून लिहिली. वाजवताना वाद्यावरची ट्रान्सपोजची कळ एकदा वर दाबली, की मूळ पट्टी मिळते.

ज्या दोन गीतांची केवळ ध्वनिमुद्रणे उरली, त्यांची कथा वेगळी. ध्वनीवरून स्वर ओळखणारी साधने आता निघाली आहेत आणि एकट्या पियानोच्या स्वच्छ मुद्रणावर ती थक्क करणारे काम करतात. पण सर संथ धुनीत पायाची पट्टी दाबून स्वर लांबवीत. अशा वेळी मागचा स्वर पुढच्यात मिसळतो आणि प्रत्येक तारेच्या ध्वनीत तिच्या वरच्या सप्तकातील ध्वनीही सूक्ष्मपणे असतोच. यंत्राने त्या छायांनाही स्वर मानले. न वाजवलेले कितीतरी स्वर पानावर आले आणि अगदी हलके वाजवलेले सुटले. स्वागतगीतासारखी तेथे ठेक्याची खूणही नाही. ती दोन पाने अपुरी आहेत.

या कामात आम्हांला वारंवार आठवण झाली ती अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल येथील फिस्क विद्यालयाची. गुलामगिरीतून नुकत्याच मुक्त झालेल्यांच्या शिक्षणासाठी १८६६ मध्ये ते सुरू झाले. पाच वर्षांत ते आर्थिक संकटात सापडले, तेव्हा १८७१ मध्ये तेथील खजिनदार व संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट नऊ विद्यार्थ्यांना घेऊन गायनाच्या दौऱ्यावर निघाले. गुलामगिरीत जन्मलेली एला शेपर्ड ही त्या चमूची पियानोवादक होती. आईबापांची मळ्यावरची गाणी गाऊन या मुलांनी जमवलेल्या पैशांतून उभी राहिलेली ज्युबिली हॉल ही इमारत आजही तेथे आहे. त्यांची गाणी १८७२ मध्ये स्वरलेखनासह छापली गेली. त्याआधी १८६७ मध्ये अशा गाण्यांचा पहिला मोठा संग्रह निघाला होता. त्याच्या संपादकांनी प्रस्तावनेतच कबूल केले, की या गायनातील वळणे आणि घसरण छापील टिंबांत मावत नाहीत. तरीही त्यांनी ती छापली, म्हणून आज त्यांचा अभ्यास होऊ शकतो. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ज्यांना पत्र लिहिले ते डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस याच फिस्कचे १८८८ चे पदवीधर, हे सांगण्याचा मोह आवरत नाही.

आपल्याकडे जलशांचे शब्द पुष्कळसे छापले गेले. वामनदादा कर्डकांची गीते पुस्तकांत वाचावयास मिळतात. साथीदारांचे मात्र काहीच कागदावर आले नाही. पेटी कोणी वाजवली, ढोलकीने कुठे काय बोल टाकले, हे ऐकणाऱ्यांबरोबर गेले. आम्ही उतरवला तोही केवळ साथीचा भाग आहे. गीतांचे शब्द आणि मूळ चाली त्या त्या शाहिरांच्या आहेत, म्हणून शब्द आम्ही छापलेले नाहीत. त्रिशरण-पंचशील आपण वाद्याविना म्हणतो. ते या कामात घेतले नाही.

एक वाद शेवटपर्यंत चालला. प्रार्थनागीताच्या सतराव्या खणात सरांच्या डाव्या हाताची एक पट्टी स्पष्टपणे चुकली आहे. यंत्राने ती इमानाने लिहिली. आमच्यापैकी एकाचे म्हणणे दुरुस्त करावी; दुसऱ्याचे म्हणणे, साधन आहे तसे जपावे. सरांना विचारले. ते हसून म्हणाले, “तेव्हा शिपाई दार उघडून आत आला होता. मुलांना चूक कशाला शिकवता?” म्हणून मुलांच्या प्रतीत ती दुरुस्त केली आहे, आणि कार्यालयातील मूळ प्रतीत तशीच ठेवून खाली टीप दिली आहे.

नऊ गीतांच्या प्रती ग्रंथालयात ठेवल्या आहेत. मिडीच्या मूळ फाइली तीन निरनिराळ्या ठिकाणी जपल्या आहेत. या वर्षी नववीतील एक मुलगी प्रार्थनेला वाजवते. उजवा हात तिला ऐकूनच येत होता. डावा ती पान पाहून शिकली आणि त्या चढत्या पायरीवर अजून थोडी अडखळते. ६ डिसेंबरच्या धुनीसाठी आम्हांला साहाय्य हवे आहे. त्या सभेचे मोबाइलवरील चित्रण, विशेषतः ज्यात पियानो दिसतो असे, कोणा माजी विद्यार्थ्याकडे वा पालकाकडे असेल, तर ते कितीही अस्पष्ट असले तरी शाळेच्या कार्यालयात आणून द्यावे. उतरवून घेऊन लगेच परत करू.